चैत्रातले दोन इंच

१९५८च्या चैत्रात भूममध्ये रोज दोन इंच पाऊस पडत होता आणि कुणीही भिजत नव्हतं.

पाऊस फक्त फकरुद्दीन मास्तरांच्या वहीत पडे. त्या साली जगातल्या देशांनी आपापली भांडणं चालू ठेवून पृथ्वीचं हवापाणी मिळून मोजायचं ठरवलं होतं. भूमच्या वाट्याला शाळेमागचं पाऊस मोजायचं पितळी यंत्र आलं. नियम एकच: सकाळी साडेआठला आतल्या बाटलीत असेल तेवढं लिहा. मास्तरांनी उभ्या जन्मात खोटा आकडा लिहिला नव्हता. यंत्राला रोज कुंकू लागलेलं दिसे, पण कुंकू मोजायचा नियम नव्हता.

आकडे जगभर गेले. अमेरिकेला वाटलं, रशियाचा उपग्रह पाऊस पाडतो. रशियाला वाटलं, अमेरिका ढग फोडते. मास्तरांना कागद आला: दोन्हीकडचे साहेब तपासणीला येत आहेत, आकडा खोटा निघाल्यास नोकरी संपली.

साहेब एकाच एसटीनं आले, एक पहिल्या बाकावर, दुसरा शेवटच्या. पहाटे तिघं लिंबाआड बसले. साहेब एकमेकांवर नजर ठेवून होते, म्हणून यंत्राकडं मास्तरांनी बघितलं.

शाळेशेजारची म्हातारी कोंडाबाई तांब्या घेऊन आली. यंत्राला कुंकू लावून तिनं तांब्याभर पाणी आत ओतलं.

मास्तर लिंबाआडून पुढं धावले, मागोमाग साहेबही. "मावशी, हे काय करताय?"

"देवाला पाणी घालती. पाऊस नगं का पडाय?"

"देव न्हाय, यंत्र हाय ते."

"मंग सरकारनं कुंपण कशाला घातलं? तुमी रोज वाकून दर्शन घेता, म्या बघत न्हाय व्हय? आन् हे दोघं काय यंत्राच्या पाया पडाय इतक्या लांबून आले?"

मास्तरांनी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितला. दोन्ही साहेबांनी तांब्याकडं बघितलं. महिनाभर आपला देश या तांब्याला भ्याला, हे घरी कसं सांगायचं, हा दोघांपुढं एकच प्रश्न होता.

"आलायसा तर घाला पाणी," कोंडाबाईनं तांब्या परत भरून आणला. दोघांनी एकदम धरला, सोडेना कुणीच. "ओढू नगासा. मिळून वता."

मिळून ओतलं. निम्मं बुटांवर गेलं.

साडेआठला मास्तरांनी मोजलं आणि लिहिलं: तीन इंच. शेऱ्यात: 'पैकी एक इंच आंतरराष्ट्रीय सहकार्यामुळं.' खाली दोन्ही साहेबांनी सह्या केल्या. आकडा खरा ठरला, नोकरी राहिली.

आठवड्यानं वरून कागद आला: निरीक्षणात खंड पडू नये म्हणून कोंडाबाईंनी पाणी रोज साडेआठच्या आत घालत जावं.