गेशेबाईंचा जुना कमोड

मी कमोड बोलतोय. आधी नाक मुरडून घ्या, मी थांबतो. पंचेचाळीस वर्षं माणसं माझ्यावर बसली आणि उठली, पण चारचौघांत कुणी माझं नाव घेतलं नाही. त्यामुळे आता मला मानापमान उरलेला नाही.

माझ्या जातीच्या कमोडात आत एक सपाट पायरी असते. पडलेलं तिथंच राहतं, पाणी सोडल्यावरच जातं. परगावचे पाहुणे बघून शहारतात. पण उत्तर जर्मनीतल्या आमच्या या विटांच्या घरांत जुनी माणसं आधी वळून बघतात, मगच पाणी सोडतात. गेशेबाईंना हे त्यांच्या आईनं शिकवलं होतं.

बाईंना त्याची गरजही होती. तिशीपासून त्यांचं पोट साफ होत नव्हतं. तीन-तीन, चार-चार दिवस काही नाही, मग कळा, फुगलेलं पोट आणि शेवटी बकरीसारख्या लेंड्या. डॉक्टर म्हणाले, "आतडं आजारी नाही, हळवं आहे. आयबीएस म्हणतात. जमवून घ्या त्याच्याशी. पण रोज बघत जा. रक्त दिसलं, रंग काळा झाला, की तडक या."

बाईंनी जमवून घेतलं. उठल्यावर कोमट पाणी, भिजवलेले जवस, पाच सुके आलुबुखार, मग समुद्राच्या बांधावर एक चक्कर. परत आल्या की माझ्यावर बसून पाय लाकडी स्टुलावर. कुंथायचं नाही, दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही. "चल रे बाबा, आज तरी," असं मला म्हणायच्या, जणू मीच अडवून धरलंय! एखाद्या दिवशी मनासारखं झालं की नवऱ्याला हाक मारायच्या, "ओन्नो, आज सण आहे!" ओन्नो गेल्यावर ते मला एकट्यालाच सांगायच्या. मला त्यांचा फार लळा होता.

पंचाहत्तरीला लेक फ्राउके न्हाणीघर नवं करून द्यायला निघाली.

"आई, हा कमोड आधी जाऊ दे. माझी पोरं आत जायला तयार होत नाहीत."

"राहू दे गं. मला त्यातून कळतं."

"काय कळतं? चाळीस वर्षं तेच पोट, तेच रडगाणं! रोज बघत काय बसतेस, भविष्य सांगायचंय का?"

बाई हसल्या. लेकीनं हौसेनं फरशीचा रंगसुद्धा निवडून ठेवला होता. तिचं मन मोडायला त्यांना जमलं नाही.

नवा कमोड खोल आणि गुळगुळीत. सगळं थेट पाण्यात, वळून बघेपर्यंत नाहीसं. मला फ्राउकेनं अंगणात आणलं, माती भरली आणि जिरेनियमची फुलझाडं लावली. शेजारी हसून गेले. तेव्हा मीही हसलो.

त्या हिवाळ्यात बाई खंगत गेल्या. ऊन पडलं की चहा घेऊन माझ्याजवळ बसायच्या, पण तो कपातच निवायचा. फ्राउके म्हणायची, "आई, जवस वाढव." बाई म्हणायच्या, "पोट गं, नेहमीचंच." माझ्या तोंडात माती. मी काय करणार?

वसंतात दोघी मोठ्या दवाखान्यातून परतल्या. आतड्यात गाठ होती, यकृतापर्यंत पोचलेली. रक्त म्हणे कित्येक महिने झिरपत होतं.

फ्राउके अंगणातच रडू लागली. "आई, जुना कमोड असता तर तुला दिसलं असतं ना?"

बाईंनी तिला जवळ ओढलं. "छे गं. माझे डोळे कधीच गेलेत. त्यातही काही दिसलं नसतं."

साफ खोटं. चष्म्याशिवाय त्यांना जवसाचा दाणा न् दाणा दिसायचा.

जूनमध्ये बाई गेल्या. फ्राउके अजून येते, मला पाणी घालते, वाळलेली फुलं खुडते. "आईला दिसलंच नसतं," असं स्वतःशी पुटपुटते, तेव्हा कुठं तिचा जीव जरा थाऱ्यावर येतो.

तुमचा कमोड कसाही असो, पाणी सोडण्याआधी एकदा वळून बघत जा. आणि कधी इकडे आलात, फ्राउकेबरोबर चहाला बसलात, तर मी हे बोललो ते तिला सांगू नका.