नवऱ्याची आई

सकाळी साडेनऊ वाजता स्टुडिओतल्या मेकअपच्या खोलीत दोघं शेजारी शेजारी बसली होती. एका खुर्चीत एके काळचे लाडके नायक, वय एकाहत्तर; त्यांच्या केसांना काळा कलप लागत होता. दुसऱ्या खुर्चीत एका जुन्या मालिकेत सहा वर्षं त्यांची बायको झालेली बाई, वय चौसष्ट. तिचे केस पिकलेले होतेच, तरी ते आणखी पांढरे करणं चाललं होतं.

तीस वर्षांनी ती विनोदी मालिका पुन्हा सुरू होत होती. दिग्दर्शक फोनवर म्हणाला होता, "ताई, तेच घर, तीच माणसं. तुमच्याशिवाय होणारच नाही." बाईने विश्वास ठेवला. मालिका संपली तेव्हा ती चौतिशीत होती. नायकांना पुढे वीस वर्षं प्रेमकथा मिळाल्या आणि हिला दोनच वर्षांत आईची कामं. मग तीही आटली. त्यामुळे ही बायकोची भूमिका तिला जीव तोडून हवी होती. निघताना सून म्हणाली होती, "आई, या वयात मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्या. खुसपटं काढू नका." सून वाईट नाही. तिने जगात जे पाहिलं तेच ती बोलली.

रंगभूषा करणारीने पेन्सिलीने बाईच्या गालावर रेघ ओढली.

"हे काय?"

"सुरकुत्या, ताई."

"माझ्या आहेत की."

"त्या पुरत नाहीत म्हणे. आई म्हणून पटत नाही."

"कुणाची आई?"

रंगभूषा करणारीचा हात थांबला. तिने आरशातूनच शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. नायकांनी डोळे मिटून घेतले.

दिग्दर्शकाला बोलावलं. चाळिशीचा गडी, हीच मालिका बघत वाढलेला. गोड आवाजात म्हणाला, "ताई, कथेत थोडा बदल आहे. पहिली बायको वारलीय. साहेबांनी दुसरं लग्न केलंय, आणि तुम्ही साहेबांच्या मातोश्री. धमाल काम आहे. कानांनी ऐकू येत नाही, सारख्या घसरून पडता."

"दुसरी बायको कोण?"

"नवीन मुलगी आहे. एकोणतीस वर्षांची."

"मी यांच्याहून सात वर्षांनी लहान आहे."

"ते कुणाला कळतंय?"

संताप येतो तो याचाच, की हे खरं आहे. कुणाला कळत नाही, कारण कुणी बघतच नाही. पुरुषाचे केस पिकले की तो मुरलेला आणि बाईचे पिकले की ती संपली, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय.

बाई नायकांकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, चॅनेलचं म्हणणं पडलं. लोकांना टवटवीत काहीतरी लागतं."

"तुमचे दोन्ही गुडघे बदललेत. संवाद सेटवरच्या फ्रिजच्या दारावर चिकटवून वाचता. ते टवटवीत का?"

"उगाच वाकड्यात शिरू नकोस. मिळतंय ते कर. घरी बसून तरी काय करणार आहेस?"

सहा वर्षं ज्याची विसरलेली वाक्यं तिने कॅमेऱ्यासमोर सावरून घेतली, तो हे बोलला. मेल्याला लाजही वाटली नाही.

बाईने कापूस घेतला आणि गाल पुसला. "म्हातारी बायको दाखवायची तुम्हाला लाज वाटते, मग म्हातारा नवरा कसा चालतो? माझ्याहून मोठ्या माणसाला मी बाळ म्हणणार नाही. मी निघाले."

दिग्दर्शकाचा गोडवा तिथेच आटला. "ताई, तुमच्या जागी दहाजणी मिळतील."

दहाची गरजच पडली नाही, एक मिळाली. बासष्ट वर्षांची, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तिला मी नावं ठेवणार नाही. मूळ अभिनेत्री तब्येतीमुळे येऊ शकल्या नाहीत, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. धादांत खोटं.

पहिला भाग रविवारी संध्याकाळी लागला. मुलाने टीव्ही लावला तशी बाई उठून जाणार होती, पण बसली. पडद्यावर बहिरी आई पाय घसरून पडली, तरुण बायको तोंड दाबून हसली आणि मागून रेकॉर्ड केलेला हशा आला. मुलगाही खो खो हसला.

"हसतोस कसला?" बाईने विचारलं.

"अगं आई, विनोद आहे तो. मनाला काय लावून घेतेस?"

"माझं जाऊ दे. शेजारी तुझी बायको बसलीय. अडतीस वर्षांची आहे. बाईमाणूस कधी निकालात काढायचं, ते इथे ठरतंय, आणि तू हसतोयस."

सून कुणाकडेही न बघता उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

"अगं, बघू दे की," मुलगा म्हणाला.

"नको," सून म्हणाली. "यात हसण्यासारखं काही नाही."

तो भाग इतर घरांत शेवटपर्यंत चालला. तुमच्याही घरी चालला असेल. तेव्हा तुमच्या शेजारी कोण बसली होती आणि ती हसली का, एवढं आठवून पाहा.