बाबांच्या हातचं गेज

आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. मी बंद खणातून बोलतोय. कारखान्यातल्या लोखंडी कपाटाचा हा सगळ्यात खालचा खण आहे. त्याला कुलूप आहे आणि बाहेर चिठ्ठी चिकटवली आहे, 'वापरू नये'.

मी एक गेज. म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण गाड्यांतून हिंडणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी माझं नावही ऐकलेलं नसतं. मी वीतभर लांबीची पोलादी कांडी आहे. ट्रकच्या स्प्रिंगपाशी बुश नावाची एक छोटी जाड नळी बसते आणि तिच्यातून पिन जाते. त्या नळीचं भोक बरोबर आहे की नाही, ते मी सांगायचं. माझं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर भोक लहान, दुसरं गेलं तर भोक मोठं, आणि दोन्ही वेळा माल बाद. थोडंफार इकडेतिकडे मला चालत नाही. स्वभावच तसा आहे, त्याला मी काय करणार?

माझा जन्म घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बाबांनी, म्हणजे या कारखान्याच्या मालकांनी, नोकरी सोडून लोखंड कातायचा एक जुना लेथ आणला होता आणि बुशची पहिली ऑर्डर मिळवली होती. गेज मात्र शेजारच्या वर्कशॉपमधून उसनं आणायचं आणि संध्याकाळी परत नेऊन द्यायचं, असा प्रकार होता. चौथ्या दिवशी शेजाऱ्याने तोंड वाकडं केलं. बाबा तरातरा घरी आले आणि त्यांनी पोलादाचा एक तुकडा लेथवर चढवला. मला घडवलं, तापवून लाल केलं, तेलात बुडवलं आणि मग दोन दिवस बारीक दगडावर घासत बसले. आई जेवायला हाका मारून मारून थकली. शेवटी मी मापात उतरलो, तेव्हा बाबांनी मला गालाला लावून पाहिलं. पोलाद गार होतं की ऊन, कोण जाणे. त्यांनी डोळे मिटले होते.

त्यानंतर चार महिन्यांनी त्यांना मुलगा झाला. सगळे त्याला थोरला म्हणतात. तसं पाहिलं तर घरातला थोरला मीच, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

सुरुवातीला आईच माल तपासायची. पोत्यावर बसून एका पायाने पाळणा हलवायची आणि हातात मी. काम वाढलं, पाठोपाठ मुलगी झाली, तशी आईने शेजारच्या गल्लीतली एक बाई मदतीला बोलावली. मुलं तिला मावशी म्हणायला लागली, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. थोरला तिच्या कडेवर आणि मी तिच्या उजव्या हातात, अशी आमची कितीतरी वर्षं गेली. ती माझ्याशी बोलायची, बरं का. "चल रे बाबा, आज तीनशे आहेत, कुरकुर करू नकोस." एखादा बुश अडला की म्हणायची, "नाही ना जात? मग नाही. उगाच कोणाची भीड कशाला!"

शेड जाऊन गाळा आला, गाळा जाऊन स्वतःचा कारखाना आला. एका लेथचे तीन झाले, मग संगणकावर चालणारी मशीनं आली, फाटक आलं, फाटकावर वहीत सही घेणारा माणूस आला. पूर्वी बाबा शिंकले तरी सगळ्यांना कळायचं. आता बाबा आलेत की नाही हे विचारायला फोन करावा लागायचा. याच काळात आई वारली. थोरल्याने कारभार हातात घेतला आणि खरं सांगायचं तर चांगला रेटला. मोटारी बनवणारी एक मोठी कंपनी आमचा माल घ्यायला लागली ती त्याच्याच खटपटीमुळे.

मोठी कंपनी आली, तसे तिचे नियमही आले. कारखान्यातलं प्रत्येक गेज वर्षातून एकदा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, तिथे ते मोजून घ्यायचं आणि त्यावर तारखेचा स्टिकर लावायचा. बरोबरच आहे. रोज शेकडो भोकांत जाऊन यायचं म्हणजे अंग झिजणारच. माझी जातभाई मंडळी खोक्यात बसून जायची आणि स्टिकर मिरवत परत यायची. मी मात्र कधीच गेलो नाही. थोरला स्वतः येऊन माझ्या मुठीला नवा स्टिकर लावायचा.

एकदा ताईने त्याला अडवलं. ताई म्हणजे त्याची धाकटी बहीण. इंजिनिअर होऊन ती तपासणी खातं बघायला लागली होती.

"दादा, हे न मोजताच स्टिकर लावतोस?"

"अगं, बाबांच्या हातचं गेज आहे ते. परक्या पोरांनी बाबांचं काम तपासायचं? शोभतं का आपल्याला?"

"गेजला बाप नसतो रे. माप असतं फक्त."

"चार बुकं शिकलीस म्हणून आता बाबांना शिकवणार का?"

बाबा तिथेच चहा पीत बसले होते. "कशाला भांडता रे," एवढंच म्हणाले आणि कपात बघून हसले. त्या हसण्याने विषय मिटला. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं. बाकीच्यांना परीक्षा द्यावी लागते, आपल्याला लागत नाही, म्हणून मी फुगून गेलो होतो.

माझं दुसरं टोक कधी आत जातच नाही, त्यामुळे ते होतं तसंच राहिलं. पहिलं मात्र केसाच्याही केसाएवढं बारीक होत गेलं. बारीक झालेलं टोक लहान भोकातही जातं. म्हणजे जे पकडायचं तेच मी सोडायला लागलो होतो. मला हे कळत नव्हतं असं नाही. मावशीलाही हाताला जाणवत होतं. एकदा तिने मला उजेडात धरलं आणि थट्टेने विचारलं, "काय रे, बारीक झालास का? खात-पीत नाहीस वाटतं." मग स्वतःच हसली आणि पुढचा बुश उचलला. बाबांच्या गेजवर संशय घ्यायचा, हे तिच्याही मनात आलं नाही.

मग एक दिवस मोठ्या कंपनीकडून अख्खा ट्रक भरून माल परत आला. पिन आत जात नव्हती. भोकं लहान होती. सोबत चिठ्ठी होती, पुन्हा असं झालं तर दुसरीकडून माल घेऊ. थोरला तरातरा तपासणीच्या टेबलापाशी आला. एरवी तो मावशीला तूच म्हणायचा.

"मावशी, तुम्ही गेज लावलं होतं का?"

'तुम्ही' ऐकून तिने मान वर केली. "एकूण एक नगाला लावलं."

"मग हा माल पास कसा झाला? दिसत नसेल तर सांगायचं. आम्ही दुसरं कोणी बघितलं असतं."

"गेज जात होतं, साहेब."

साहेब! ज्याला तिने कडेवर घेऊन भरवलं, त्याला ती साहेब म्हणाली. सगळं खातं बघत होतं. मी तिच्या हातात होतो आणि मला तोंड नव्हतं. मी झिजलोय, तिचं काही चुकलेलं नाही, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं तर! थोरला म्हणाला, "उद्यापासून आराम करा." तिने मला फडक्याने पुसलं, पेटीत नीट ठेवलं आणि डबा उचलून निघून गेली. बाबा त्या दिवशी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने कोणाला न विचारता मला मापं घ्यायच्या काचेच्या खोलीत नेलं आणि मोजलं. मग बाबांच्या टेबलावर आणून ठेवलं. बाबांनी आपला जुना मायक्रोमीटर काढला. एकदा मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. थोरला समोर उभा होता.

"बाबा, तुमची काही चूक नाही यात. इतकी वर्षं वापरलं, झिजणारच ना."

"तू स्टिकर लावायचास तेव्हा मी बघत होतो," बाबा म्हणाले. "मला बरं वाटायचं रे. त्या बरं वाटण्यापायी त्या बाईची अब्रू घालवली आपण."

त्यांनी लाल रंगाचा डबा मागवला. बाद झालेल्या गेजची टोकं लाल करतात, तसा आमच्याकडे नियम आहे. त्यांनी स्वतः ब्रश घेतला. रंग बोटांना लागत होता. मग मला फडक्यात गुंडाळून खिशात टाकलं आणि थोरल्याला म्हणाले, "चल."

मावशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद, बाबांना दोनदा थांबावं लागलं. खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि खिडकीशी दोरीवर वाळत घातलेले कपडे, एवढंच होतं. बाबांनी मला तिच्यासमोर धरलं.

"चूक याची होती. म्हणजे माझी. तुझं काम चोख होतं. सगळ्यांसमोर सांगतो, परत ये."

तिने मला हातात घेतलं. माझा लाल रंग तिच्या बोटाला लागला. "रंगवून टाकलंत होय याला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

थोरला दारातच उभा होता. "मावशी, चुकलं माझं. ये ना गं."

तिने मला एकदा उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "राग नाही रे बाळा. पण आता प्रत्येक बुश हातात घेताना मला वाटणार की मागे कोणीतरी उभं आहे. तसा हात चालत नाही माझा." तिने मला बाबांच्या हातात परत दिलं. चहा झाला आणि आम्ही जिना उतरलो.

पुढे आठ दिवस बहीणभाऊ टेबलाशी उभे राहिले आणि त्यांनी नव्या गेजने सगळा माल निवडला. मोठ्या कंपनीचं काम टिकलं. आता दुसरा कारखाना उभा राहतोय म्हणे. बाबा त्यानंतर फारसे आले नाहीत, आणि आता तर येतच नाहीत. घरी असतात एवढं मी ऐकलं. ते विचारतात का माझ्याबद्दल, ते कोणी सांगत नाही.

या खणात वर्षानुवर्षं राहिलेला मी एकटाच आहे. तसा नियम वेगळा आहे. बाद झालेली गेजं वर्षाच्या शेवटी भट्टीत जातात, वितळतात, त्यांचं दुसरं काहीतरी होतं. दर वर्षी ताई भंगाराची पेटी घेऊन येते, कुलूप उघडते, बाकीची लाल टोकं त्यात टाकते. मग मला उचलते, क्षणभर थांबते, आणि पुन्हा खणात ठेवते. बाबांच्या हातचं आहे, म्हणून.

ताई, त्या दिवशी तू दादाला जे सांगितलंस ते मी ऐकलं होतं. तेव्हा मला तुझा राग आला होता, आता येत नाही. मला जपू नकोस गं. जपण्यानेच तर मी एवढा वाया गेलो. माझ्यात अजून चांगलं पोलाद आहे. त्याचा नट होऊ दे, खिळा होऊ दे, कुठल्या तरी दाराची कडी होऊ दे. दिवसातून दोनदा तरी कोणाचा हात लागेल. या खेपेला पेटी आणलीस की थांबू नकोस, डोळे मिटून मला आत टाक.