ठेका आणि ठोका

हेडफोन नवऱ्याच्या कानांवर चढवल्यापासून चाळीस सेकंदांत पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा बासष्टवरून एकोणसत्तरवर गेला. तिने वहीत वेळ लिहिली.

"बघ, वाढला!" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मी दिवसभर डोकं खाते, तेव्हा ढिम्म. ठेका ऐकला की लगेच ठोका वाढतो. मेला लहानपणापासून असाच! हाका मारून माझा घसा बसायचा, आणि कुठे पत्र्यावर काठी वाजली की हा धावत बाहेर."

तिचा नवरा ड्रम वाजवायचा. दहा आठवड्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून श्वास यंत्राचा. डॉक्टर रोज अकराला येऊन विचारत, "काय ठरलं?" ती रोज त्याला त्याच्याच वाजवण्याचं रेकॉर्डिंग ऐकवून या एकोणसत्तरकडे बोट दाखवी. "अजून थोडं थांबू."

हृदयाचे आलेख काढण्यात तिची नोकरीची सोळा वर्षं गेली होती. एकाच आवाजावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी तिने कानाडोळा केला. काल मात्र तिने धीर करून दुसऱ्याच एका ड्रमवाल्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्या माणसाचा ठेका घसरला की नवरा दातओठ खात खोलीबाहेर जायचा. आकडा एकोणसत्तर.

आज तिसरा आवाज होता. तो हेडफोनमधून जरासा बाहेर झिरपत होता. तिने स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. नवऱ्याचं वाजवणं ऐकताना तिची नाडी शंभरीला टेकायची. आज बहात्तर.

"आज कुठलं लावलंयस गं?"

तिने हेडफोन काढून सासूबाईंच्या कानांना लावले. त्या हसऱ्या चेहऱ्याने ऐकू लागल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा आपला पाण्याचा पंप ना?"

"हो."

"अगं, मग याचा ठोका वाढला कशाला?"

"धडधडीने वाढतो, आई. कुणाच्याही. कशाच्याही."

सासूबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. अडुसष्ट. पासष्ट. बासष्ट. हेडफोन अजून त्यांच्याच कानांवर होते, पंप चालूच होता.

दारावर टकटक झाली.

"काय ठरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी पांघरुणावरून मुलाचा पाय घट्ट धरला. तिने वही मिटली.

"यंत्र काढा, डॉक्टर," ती म्हणाली.