सुनेचे काळे दात

मशेरीची मला लहानपणापासून किळस. माझी आई ती भाजलेली तंबाखू बोटाने दातांना चोळायची आणि पडवीच्या कडेला पिचपिच थुंकायची, ते बघून मला जेवण जायचं नाही. आणि माझ्या सासूने, अक्काने, माझ्याच कपाटात मशेरीची डबी शोधावी! साड्या उपसून, आतल्या कपड्यांच्या घड्या मोडून.

कारण माझे दात. वर्षभरात सहा दात हिरडीपाशी काळे पडून तुटले. तोंड कोरडं ठणठणीत, जीभ टाळूला चिकटते, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. कानाखाली गाल सुजतात, बोटांचे सांधे दुखतात. तोंडाला जो वास येतो त्याची मलाच शिसारी येते. पण आमच्या तारकर्लीत बाईचे दात काळे म्हणजे मशेरी, दुसरं कारण कुणाला सुचतच नाही.

"तोंड उघड बघूया," एकदा जेवताना माझा नवरा धनेश म्हणाला. समोर अक्का आणि नणंद अक्षया. मी उघडलं, हाच माझा मूर्खपणा. बाजारात बैलाचे दात बघतात तसे त्याने माझे बघितले, वास घेतला आणि मान फिरवली. "खोटा कित्याक बोलतस गो किशोरी? लावतस तर लावतस म्हणान सांग."

शेवटी कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पापण्यांत कागदाच्या पट्ट्या अडकवल्या. पाच मिनिटांत त्या चांगल्या भिजायला हव्या होत्या. माझ्या जेमतेम ओलावल्या. रक्त तपासलं, ओठाच्या आतून कणभर तुकडा काढला. रिपोर्ट आल्यावर त्यांनी धनेशलाही समोर बसवलं. "याला श्योग्रेन म्हणतात. अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर यांचं शरीरच उठलंय. लाळ नाही म्हणून दात किडले. मशेरीचा काही संबंध नाही. हा आजार पूर्ण जात नाही, पण औषधांनी सांभाळता येतो."

येताना गाडीवर धनेश म्हणाला, "माझा चुकला." मला बरं वाटलं. घरी जाऊन त्याने आईला तेवढंच सांगावं, मला आणखी काही नको होतं.

त्याने सांगितलं. अक्का घाबरलीच. "कायमचो रोग? गावात बोलू नको हां. अक्षयाचा लगीन जुळताहा. घरात असलो रोग म्हटल्यार तिका कोण करून घेतलो? त्यापरास मशेरीच बरी. सोडल्यान म्हणान सांगूया."

मी सून. माझा रोग अक्षयाच्या रक्तात कुठून जाणार? पण धनेशने मान डोलावली. माझ्या तोंडाची मला जेवढी किळस आली नव्हती, तेवढी त्या मानेची आली.

शेजारची यशोदाकाकी परसात कपडे वाळत घालत होती. मी पाण्याचा घोट घेतला आणि कुंपणाशी गेले. "काकी, मी मशेरी कधीच लावक नाय. माका रोग आसा. श्योग्रेन." नाव दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी ते मोठ्याने सांगितलं.

मागे अक्का रडायला लागली. रडू दे. तिला रडता तरी येतं. माझे डोळे नुसते जळत होते.