महाराजपूरच्या घराचा सौदा

हेमलताच्या हिशेबाने जबलपूरच्या महाराजपूर वस्तीतल्या त्या घरात फायदाच फायदा होता. विनय तीन वर्षांनी फॅक्टरीतून रिटायर होणार, क्वार्टर सोडावंच लागणार. त्याआधी डोक्यावर आपलं छप्पर. रजिस्ट्री बाईच्या नावावर केली की खर्च कमी, म्हणजे घर तिच्याच नावावर. सगळ्यात मोठा फायदा मात्र तिनं नवऱ्यालाच तेवढा सांगितला होता. या वयात विनयला बँक लांब मुदतीचं कर्ज देईना, तेव्हा हप्ते जाणार केतनच्या पगारातून. आणि हप्ता भरणारं पोरगं जबलपूर सोडून जातं कुठं?

भाव पाडायचं तिचं हत्यार जबलपुरातल्या सगळ्याच मराठी घरांत असतं. समोरच्याशी हिंदीत गोड बोलायचं आणि खरं काय ते नवऱ्याशी मराठीत, त्या समोरच्याच्याच देखत. साडीपासून फ्रिजपर्यंत ते कधी फसलं नव्हतं.

घरमालक श्यामसुंदरजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, अठ्ठेचाळीस लाखांवर अडून बसले होते. बायको आत चहा करत होती. केतन आणि त्याची बहीण सुखदा गच्ची पाहायला वर गेले होते.

"भैयाजी, दीवार में सीलन बहुत है," भिंतीवरची ओल दाखवत हेमलता हळहळली आणि त्याच सुरात विनयकडे वळली, "अहो, तुम्ही काहून मुंडी हलवून राहिले? घर आवडलं हे दिसू देऊ नका. चव्वेचाळीस म्हणा. नाहीच ऐकलं तर सत्तेचाळीसपर्यंत जाऊ, पण तो आकडा त्याच्या तोंडून निघाला पाहिजे."

"अन् केतन नाही म्हणाला तर? त्याला ती बेंगळुरूची नोकरी..."

"म्हणूनच तर घाई करून राहिले ना मी! एकदा हप्ता लागला की वीस वर्षं हलत नाही कुठं."

श्यामसुंदरजी बिचारे पंख्याकडे पाहत होते. तेवढ्यात त्यांची बायको चहा ठेवून दाराशी उभी राहिली. हेमलतानं घोट घेतला. "बढ़िया है दीदी," ती म्हणाली, आणि विनयला, "पत्ती मोजून टाकली पाहा. पैशाची नड आहे यांना."

"पत्ती संपली होती ताई," ती बाई म्हणाली. "मी यशोधरा. नागपूरची, इंदोरा मोहल्ल्याची. यांनाही सगळं समजते. तीस वर्षं झाली लग्नाला, न समजून जातात कुठं?"

हेमलताचा कप ओठाशीच थांबला. विनयनं चष्मा काढून पुसायला घेतला. जिन्यावरून उतरणाऱ्या सुखदाला हसू आवरेना. "आई, गये काम से!"

"चला, सत्तेचाळीस," श्यामसुंदरजी शांतपणे मराठीत म्हणाले. "माझ्या तोंडून निघालं ना?"

आता नाही म्हणायला तोंड कुठं होतं? हेमलतानं मान हलवली. केतनही खाली येऊन बसला होता. यशोधरेनं त्याच्यापुढे कप सरकवला.

"भाव ठरला, चांगलं झालं. पण ताई, पोराला विचारलं का? हप्ता तो भरणार, वीस वर्षं कुठं जाऊ नये म्हणून, असं म्हणत होत्या तुम्ही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हेमलताला उत्तर तरी देता आलं असतं. केतन आईकडे बघत राहिला.

"आई, ये सच है?"

"अरे, तसं नाही..."

"मी ना, उद्या बेंगळुरूवाल्यांना 'नाही' म्हणून कळवणार होतो," केतन अडखळत, हिंदीत न घसरता बोलला. "बाबा रिटायर होणार, तुम्ही दोघं एकटे पडाल म्हणून. तू एकदा विचारायचं तर होतं."

केतन वडिलांकडे वळला.

"बाबा, बयाना दे दो," तो म्हणाला. "घर चांगलं आहे. हप्ता मी भरतो. बेंगळुरूहून भरतो."

हेमलता हातातल्या कपाकडे पाहत बसली. या पोराच्या हाताला धरून तिनं त्याला फॅक्टरीच्या शाळेत सोडलं होतं, त्याच्या पोटात काय आहे ते तिला चेहऱ्यावरून कळायचं. आणि उद्याचा त्याचा नकार, तिच्यासाठीचा, तिला कळलाच नव्हता.

निघताना फाटकाशी यशोधरा हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका ताई, पण आम्ही पंचेचाळीसलाही देऊन टाकलं असतं."

बयान्याचा, म्हणजे विसाराचा, एक लाख विनयनं दिला. हप्ते केतन देणार, वरचे दोन लाखही त्यातच. हेमलताच्या पर्समधून एक रुपया निघाला नव्हता. तिनं पोरगा दिला होता.