दाढीवाला महादेव

पारनेरच्या एका माळावर महादेव प्रकटला होता आणि त्याला दाढी होती. अंग उघडं, छाती तालमीतल्या पैलवानासारखी, हातात त्रिशूळ. त्रिशूळ दिसल्यावर बाकीचं बघायची गावाला गरज वाटली नाही. आसनावर बसलेले अजिनाथ महाराज डोळे मिटून "पाझर, देवा" म्हणाले की तिन्ही टोकांतून पाणी झरे. मग टँकरपुढे रांग लावणारी माणसं बाटल्या घेऊन एकमेकांच्या अंगावर पडत.

या गर्दीत बनुबाई होती आणि म्हणून तिची सून राजेश्वरी होती. राजेश्वरी हायस्कुलात इतिहास शिकवायची. बनुबाईला साखर, त्यात पायाच्या अंगठ्याला जखम. इन्शुलिन चुकलं तर आधी अंगठा जाईल, मग पाय, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महाराजांचं मत वेगळं पडलं. सुई टोचणं म्हणजे देवावर अविश्वास, त्रिशूळाचं पाणी हेच औषध. बनुबाईने आठवडाभर सुई बंद ठेवली होती. अंगठा काळा पडत चालला होता.

राजेश्वरीने मूर्ती ओळखली. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. एका वीराने त्याच्या मुलाचा डोळा फोडला म्हणून त्या वीराला वर्षानुवर्षं समुद्रात भटकवणारा, मोठा डूख धरणारा देव. शेजारी केसांत साप असलेली मेड्युसा होती. हिच्या नजरेने माणसाचा दगड होई. महाराजांनी तिची नागजोगाई केली होती आणि बाया तिच्यापुढे मूल होऊ दे म्हणून ओटी भरत होत्या.

दर्शनाची वेळ आठवड्याआड बदलायची. महाराज त्याला देवाची लहर म्हणत. राजेश्वरीचा नवरा कांद्याला पाणी द्यायला जेव्हा उठे, नेमका तेव्हाच देवाला पाझर फुटे. शेतीच्या लायटीचं वेळापत्रक साऱ्या गावाला पाठ होतं, पण आत शिरताना लोक ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत.

त्या दिवशी पाणी झरू लागल्यावर ती मंडपामागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथे बोअरच्या मोटरचा स्टार्टर होता. तिने लाल बटण दाबलं.

पाणी थांबलं. देव कोपला, महाराज म्हणाले, कोणीतरी विटाळ आणला. बायका एकमेकींकडे संशयाने बघू लागल्या. राजेश्वरीने हिरवं बटण दाबलं. कोप उतरला, महाराज म्हणाले. तिने पुन्हा लाल दाबलं. मग पुन्हा हिरवं. देवाचा कोप एवढ्या झपाट्याने चढता-उतरता बघून महाराजांचा मंत्र तोंडातच अडकला.

ती बाहेर आली, महाराजांना आसनावरून उठा म्हणाली आणि आसन उचललं. खाली ठिबकची काळी नळी आणि पाणी सोडायचा तिचा कॉक. नळीचं एक टोक बोअरकडे, दुसरं देवाच्या टाचेत. केडगावकडचं एक लग्नाचं लॉन मोडलं, तेव्हा महाराजांनी तिथलं कारंजं मूर्त्यांसकट उचललं होतं.

"म्हंजी मी आठवडाभर बोअरचं पानी पीत हुते व्हय?" बनुबाईने विचारलं.

"आणि तेही न गाळलेलं, आत्याबाई."

"पन देव तर खरा हाय ना?" मागून गर्दीतला हनुमंत म्हणाला. त्याने दोन कॅन भरले होते.

"ज्यांचा हा देव, त्यांनी त्याची गोष्ट केली, हनुमंतराव," राजेश्वरी म्हणाली. "आपण त्याचा दवाखाना केला."

हनुमंताने थोडा विचार केला आणि कॅन मोटरसायकलला बांधले. महाराज तोवर देव तिथेच टाकून जीपमधून निघून गेले होते.

बनुबाईला त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. पाय वाचला. अंगठा कापावा लागला.

तो अंगठा समुद्रदेवाने नेला नाही. अजिनाथ महाराजांनी नेला आणि बाटली घेऊन गर्दी करणाऱ्या प्रत्येकाने त्यांना हातभार लावला. देव मानायचा त्याने खुशाल मानावा. पण पाणी कुठून येतं ते बघितल्याशिवाय ओंजळ पुढे करू नये आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नये. एवढं करायला फार शिकावं लागत नाही. मूर्तीच्या मागे जाऊन बघावं लागतं.